रविवारची कावीळ

सोमवार ते शनिवार केवळाबाईच्या दाराकडं कुणी फिरकत नसे. रविवारी मात्र सकाळी नऊपासून माणसं यायची. निलंग्याहून औरादकडं जाणारी एसटी फाट्यावर थांबली की कंडक्टरच ओरडायचा, "चला, कावीळवाले उतरा!" आणि दोन-चार पिवळी माणसं, त्यांचे दंड धरून आलेली दोन-चार धडधाकट माणसं, अशी वरात गावात शिरायची.

पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली सतरंजी. केवळाबाई पितळी परात मांडून बसलेली असायची. तिच्या सासूनं, भामाबाईनं, दिलेली ही विद्या. आंब्याच्या अंतरसालीचं पाणी रोग्याच्या तळहातांना नि मनगटांना चोळायचं. वाळू द्यायचं. मग हाताखाली परात धरून वरून चुन्याची निवळी ओतायची. नितळ पाणी हातावरून परातीत पडेपर्यंत हळदीसारखं पिवळं व्हायचं.

"बघ, उतरून राहिली," केवळाबाई म्हणायची. संगं आलेली बाई डोळ्याला पदर लावायची.

असे तीन रविवार. पैसा घ्यायचा नाही. पाणी दुसऱ्यानंच ओतायचं, रोग्यानं स्वतः नाही. आणि पाण्याला हात लावायच्या आधी एक गोष्ट विचारायचीच.

"परसाकडं कसल्या रंगाचं होतं?"

हा प्रश्न आला की बाप्ये लिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागायचे.

"आता ते कोण बघतंय, केवळामाय!"

"उद्या बघ. पिवळं-तपकिरी असंल तर माझी कावीळ. पांढरं, शाडूच्या मातीसारखं असंल आन् अंगाला खाज सुटली असंल, तर माझ्या हातची न्हाई. लातूर गाठ."

हे सासूनं सांगितलेलं. का, ते सासूनं सांगितलं नव्हतं, आणि केवळाबाईनं तीस वर्षांत विचारलं नव्हतं. पांढऱ्यावाल्याला ती चहा पाजून तसंच परत पाठवायची.

तिचा मुलगा बालाजी हैदराबादला एका कंपनीच्या गोदामात. सून वर्षाराणी तिथंच शिलाईकाम करते. महिन्यातून दोनदा फोन. "माय, बरी हाईस का?" "हाव." "जेवलीस का?" "हाव." मग बालाजी म्हणायचा, "ठिवतो मग."

रविवारी मात्र तिचं तोंड दुखेपर्यंत बोलणं व्हायचं. कुणाची सोयरीक कुठं जमली, भालकीकडं पाऊस किती झाला, कुणाची म्हैस आटली. रोग्याला मुद्दाम हात वाळेपर्यंत अर्धा तास बसवायची. खरं तर पाच मिनिटांत वाळायचे. संध्याकाळची गाडी गेली की सतरंजी झटकून घडी घालायची, आणि तिथून पुढचा रविवार सहा दिवस लांब असायचा.

गेल्या पोळ्यानंतर तिच्या उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. तेलकट काही खाल्लं की कळ पाठीतून खांद्यापर्यंत चढायची. मग खाज सुटली. तळपायाला, तळहाताला, नखानं ओरबाडलं तरी समाधान होईना अशी. आणि एका शुक्रवारी सकाळी तिनं रोग्यांना सांगायची तसं संडासात वाकून बघितलं.

पांढरं. शाडूच्या मातीसारखं.

घरात जाऊन आरशात बघितलं. डोळ्यांत हळद उतरली होती. तीस वर्षं दुसऱ्याच्या पापण्या अंगठ्यानं ओढून बघितलेल्या, त्यामुळं शंकेला जागाच नव्हती. तिनं पेटीतून काळा गॉगल काढला. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शिबिरात मिळालेला, कानामागं पार गुंडाळणारा. तो डोळ्यावर चढवला.

समोर गुरुबसप्पाचं किराणा दुकान. सत्तरीचा म्हातारा, दिवसभर गल्ल्यावर बसून रस्त्याची राखण करणारा.

"अय्यो, केवळाबाई! हिरॉईन झाल्या काय?"

"डोळ्याला ऊन लागून राहिलं, अप्पा."

"ऊन? सकाळधरनं आभाळ हाय."

"तुमच्या बाजूला असंल आभाळ," म्हणून ती साखर घेऊन परतली. अप्पा मागून बघत राहिला हे तिला पाठीला कळलं.

दवाखान्यात जायला ती भीत होती असं नाही. भीती निराळीच होती. कावीळ उतरवणारीला कावीळ झाली, आणि ती लातूरच्या डॉक्टरकडं पळाली, हे फाट्यापर्यंत पोचायला एक गाडी पुरे होती. त्यानंतर कोण कशाला उतरेल? रविवारसुद्धा सोमवारसारखा होईल. वाराचं नाव तेवढं वेगळं.

त्या रविवारी तिनं गॉगल लावूनच तिघांचे हात धुतले. मधल्या वेळात स्वतःचे ओरबाडलेले हात पदराखाली लपवून. खाजवायला मधूनच घरात जाऊन यायची.

सोमवारी तिनं दार लावून घेतलं आणि अंतरसालीचं पाणी स्वतःच्या मनगटाला चोळलं. सासूचा नियम होता, पाणी दुसऱ्यानं ओतायचं. पण ओतायला होतं कोण? शेजारणीला बोलवावं तर गावभर होईल. मग तिनं पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली, बुडाला सुईनं भोकं पाडली, निवळी भरली आणि खिडकीच्या गजाला सुतळीनं टांगली. खाली बसून हात पुढं केले. धार पडली. परात पिवळी झाली.

"उतरली," ती मोठ्यानं म्हणाली. घरात कुणी "हाव" म्हणालं नाही.

मंगळवारी परात पिवळी. बुधवारी पिवळी. डोळे मात्र होते त्याहून गडद. लघवी काळ्या चहासारखी. एवढी उतरतेय तर जातेय कुठं? तिला कधी न पडलेला प्रश्न पडला. ती परसात गेली. खुंट्याला शेळी बांधलेली होती, पाला रवंथ करत उभी. केवळाबाईनं शेळीचा पुढचा पाय धरला, खुराच्या वर अंतरसालीचं पाणी चोळलं, वाळू दिलं आणि वरून निवळी ओतली.

परातीत पिवळं पाणी.

"तुलाबी कावीळ झाली म्हण की," केवळाबाई म्हणाली, आणि तिला हसू आलं. हसताना बरगडीखाली कळ आली म्हणून ती तिथंच खाली बसली. तीस वर्षांचे रविवार. किती हात. शेळी आपली तिच्या खांद्यावरचा पदर चघळत होती.

दुपारी तिनं बालाजीला फोन लावला.

"लातूरला जावं म्हणते. कावीळ झालीय."

"कोणाला?"

"मला."

पलीकडं गोदामातली गाडी मागं येत असल्याचा टीं-टीं आवाज होता. "माय, मग... तू तर स्वतः..." तो अडखळला. "अप्पाला संगं घिऊन जा. मला सुट्टी आत्ता न्हाई. आठ दिवसांनी येतो. ठिवू?"

ती लगेच गेली नाही. रविवार उरकूनच गेली, म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत परतता येईल. पण त्या रविवारी परात काढली नाही. आलेल्या तिघांना साल संपली असं सांगून चहा पाजला, लातूरला जाऊन रक्त तपासा एवढंच सांगितलं आणि परत पाठवलं.

सोमवारी ती गाठोडं घेऊन निघाली तसं गुरुबसप्पानं दुकानाला कुलूप घातलं, तेही न विचारता. एसटीत तिच्या शेजारी बसला. निलंगा सुटल्यावर म्हणाला, "काढा आता तो गॉगल. इथं कोण तुमच्या वळखीचं हाय?"

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर धम्मप्रिया कंधारकडची, तिशीची, बोलताना कागदावर चित्रं काढायची सवय असलेली. "मावशी, पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. तोंडातून दुर्बीण घालून काढू. पोट फाडायचं नाही. चार-पाच दिवस राहावं लागेल."

"शनिवारी सोडाल न्हवं?"

"शनिवारी काय आहे?"

"रविवार हाय."

गुरुबसप्पा खोकला. संध्याकाळी तो परत गेला, दुकान होतं. फॉर्मवर नातेवाईकाच्या जागी त्यानं सही केली होती, नात्याच्या रकान्यात काय लिहू असं नर्सनं विचारलं तेव्हा म्हणाला होता, "समोरच्या."

खडा निघाला. घेवड्याच्या बीएवढा. नळीला सूज होती म्हणून दोन दिवसांसाठी नाकातून एक बारीक नळी आत पित्तनळीपर्यंत सोडली होती, आणि तिचं दुसरं टोक खाटेला अडकवलेल्या पिशवीत. केवळाबाईनं शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा बघितली ती पिशवी. सोन्यासारखं पिवळं, कुठं हिरवट, तेलासारखं दाट पाणी थेंबथेंब जमत होतं.

"हे कशाचं?" धम्मप्रिया राउंडला आली तेव्हा तिनं विचारलं.

"तुमचं पित्त. तुम्ही मळमळ, जळजळ झाली की पित्त झालं म्हणता ते नव्हे हां. हे यकृतात तयार होतं. लिव्हरमध्ये. दिवसाला पाऊण-एक लिटर."

"एवढं? आन् कशाला?"

"तुपाचं भांडं नुसत्या पाण्यानं निघतं का? साबण लागतो. तसं जेवणातलं तेल-तूप फोडायला हे लागतं. लिव्हर बनवतं, खालच्या पिशवीत, पित्ताशयात, घट्ट करून ठेवतं, जेवलं की आतड्यात सोडतं." तिनं केस पेपरच्या मागं लिव्हर काढलं, पिशवी काढली, आतड्याची लांब वेटोळी काढली. "आता गंमत बघा. काम झाल्यावर शरीर ते टाकून देत नाही. लहान आतड्याच्या अगदी शेवटी त्यातले क्षार परत शोषून घेतले जातात. शंभरातले पंच्याण्णव. रक्तातून पुन्हा लिव्हरला. लिव्हर पुन्हा खाली सोडतं. दिवसातून सहा ते दहा वेळा. जे पाच हरवतात तेवढेच नवीन करायचे."

केवळाबाई चित्राकडं बघत राहिली. "म्हंजे एसटीच म्हणा की. निलंगा-लातूर, लातूर-निलंगा. गाडी तीच."

धम्मप्रिया मोठ्यानं हसली. बाजूच्या खाटेवरची म्हातारीही उठून बसली. "हाव! गाडी तीच. आणि तुमच्या खड्यानं केला रास्ता रोको. गाडी खाली जाईना. मग पित्तातला रंग रक्तात चढला. डोळे पिवळे, लघवी काळी, अंगाला खाज."

"आन् खाली पांढरं."

धम्मप्रियाचं पेन थांबलं. "कसं काय सांगितलंत?"

"शौचाला रंग ह्याचाच असतो. गाडी आली न्हाई तर रंग कुठला यील." हे बोलत असतानाच तीस वर्षं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःच्याच तोंडून ऐकू आलं. ती पिशवीकडं वळली. "मग हे आता टाकून देणार? परत आत घालता येत न्हाई का?"

"कधी कधी घालतोही. कुणाची ही बाहेरची पिशवी खूप दिवस राहिली तर. तुमची परवा काढायची, तेवढं लिव्हर नवीन बनवून घेईल."

धम्मप्रिया निघाली तेव्हा केवळाबाईनं तिच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली.

"बाई, एक सांगू? चिडू नगा. मी कावीळ उतरविते."

धम्मप्रिया खाटेच्या कडेला बसली. केवळाबाईनं सगळं सांगितलं. अंतरसाल, निवळी, तीन रविवार, पांढऱ्यावाल्यांना परत पाठवणं. शेळीसुद्धा सांगितली. शेळीपाशी धम्मप्रियानं ओठ दाबून धरले.

"चुन्यानं त्या सालीला रंग येतो, मावशी. कुणाच्याही हाताला. आणि बहुतेकांची कावीळ दूषित पाण्यानं झालेली असते, ती आराम करून आपोआप जाते. तुम्ही पाणी ओता नाहीतर नका ओतू."

"म्हंजे मी कुणाचं वाईट न्हाई केलं?"

आता डॉक्टरनं लगेच हो म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "गरोदर बाई कोणी आली होती कधी?"

केवळाबाईनं बाही सोडली.

नीलाबाई. उदगीरकडची, सातवा महिना. शौच पिवळंच होतं. म्हणून घेतली. दोन रविवार आली, हसत बोलत, लाल काठाचं लुगडं. म्हणाली होती, पोरगी झाली तर तुझं नाव ठेवीन, माय. तिसऱ्या रविवारी आली नाही. नंतर कुणीतरी सांगितलं की बेशुद्ध होऊन वारली. केवळाबाईनं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, उशिरा आणली. स्वतःलाही तेच सांगितलं होतं.

"गरोदर बाईची कावीळ एक दिवसही घरी ठेवायची नसते," धम्मप्रिया हळूच म्हणाली. "तुम्हाला कोण सांगणार होतं ते. पण आता माहीत झालं."

शनिवारी सोडलं. बालाजी आला नव्हता. फोनवर म्हणाला, आता बरी हाईस तर दिवाळीलाच येतो. ती एकटीच एसटीनं परतली. गॉगल दवाखान्यात कुठंतरी राहिला होता, तिला आठवलंही नाही.

रविवारी नऊच्या गाडीनं चौघं आले. सतरंजी होती, परात नव्हती.

"पाणी बंद झालं," केवळाबाई म्हणाली. "मला सोताला कावीळ झालती. लातूरला जाऊन नीट झाले. सालीला चुना लागला की रंग येतो, बाकी काही न्हाई. निलंग्याच्या दवाखान्यात रक्त तपासा. पाणी उकळून प्या. दारू बंद. दुकानातल्या गोळ्या मनानं घिऊ नगा. गरोदर असंल तर आजच्या आज जा."

"आवो, आम्ही बसवकल्याणहून आलोय!" एक जण चिडला. "गाडीभाडं कोण देणार? आधी सांगायचं न्हाई?"

"माझ्या भावाला उतरवली होती तुम्हीच, तो ठणठणीत हाय," एक बाई म्हणाली. "आता काय झालं तुम्हाला? डॉक्टरनं काही दिलं का, बंद करा म्हणून?"

चहासुद्धा कुणी घेतला नाही. दहा वाजायच्या आत सतरंजी रिकामी. पूर्वी इथं संध्याकाळच्या गाडीपर्यंत गप्पा चालायच्या.

त्याच्या पुढच्या रविवारी दोघं. नंतर एक. देवणीकडं कुणीतरी मंत्रानं उतरवतो म्हणे, माणसं तिकडं वळली. कंडक्टर फाट्यावर ओरडेनासा झाला. एकदा गुरुबसप्पा गल्ल्यावरून म्हणाला, "खोटं का हुईना, चालू ठिवायचं होतं, केवळाबाई. तुमचाबी वेळ जात होता, माझाबी." त्याचंही खरं होतं, दुकानात रविवारी बिस्किटं खपायची, पण तो बिस्किटांचं बोलत नव्हता.

दिवाळी गेली. बालाजी दोन दिवस येऊन गेला.

कार्तिकातल्या एका रविवारी एक जोडपं उतरलं. सीमेपलीकडचं, बातमी न पोचलेलं. रेवणसिद्ध, पंचविशीचा, डोळे चांगलेच पिवळे. त्याची बायको मनिषा, हातात नारळ.

केवळाबाईनं त्याची पापणी ओढून बघितली. विचारायचं ते विचारलं. तोही लिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागला.

"पिवळंच हाय वो," मनिषाच म्हणाली. "मीच बघितलं. त्यांना लाज वाटती."

"मग घाबरायचं काम न्हाई. दवाखान्यात जावा. मी पाणी ओतीत न्हाई आता."

मनिषाचा चेहरा पडला. "एकदा तरी ओता, मावशी. माझ्या सासूनं शपथ घातलीय. तीन रविवार येतो आम्ही, मुक्कामाला सुद्धा राहतो. भाकरी घिऊन येईन मी, शेंगाची चटणी घिऊन येईन."

तीन रविवार. आढ्याला अंतरसालीची जुडी अजून टांगलेली होती, वाळून कडक झालेली. पाण्यात भिजवली तर संध्याकाळपर्यंत रंग देईल. ही पोरगी बोलकी दिसते. अर्धा अर्धा तास हात वाळवता येतील. रोगी बरा होणारच आहे, आपोआप. कुणाचं काय जातंय?

"कुणाचं काय जातंय मावशी, ओता की," मनिषा म्हणालीच.

केवळाबाईला नीलाबाईचं लाल काठाचं लुगडं दिसलं.

"न्हाई ओतत," ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "शेळीच्या पायालाबी ते पिवळं होतं. जावा."

रेवणसिद्धनं नारळ बायकोच्या हातातून काढून घेतला. "चल. देवणीला जाऊ. हितं वेळ घालवून राहिलो." आणि तो फाट्याकडं चालायला लागला. मनिषा त्याच्या मागं. केवळाबाई लिंबाखाली उभी राहिली. समोर गुरुबसप्पानं मान वळवून घेतली.

फाट्याजवळ गेल्यावर मनिषा थांबली. नवऱ्याला काहीतरी बोलली आणि एकटीच भराभर माघारी आली, धापा टाकत.

"मावशी, देवणीला जायचं तर जाऊ द्या, मी त्यांचं रक्तबी तपासून घेते. निलंग्यात कुठं जायचं?"

"सरकारी दवाखान्यात. आत गेलं की डाव्या हाताला चिठ्ठी काढायची."

"आन् खायला काय?"

"भूक लागंल ते. ताक दे, भात दे, वरण दे. फळं दे. तेल अगदीच बंद करायचं न्हाई, भूक लागंल तसं थोडं थोडं. तेल पचवायला लिव्हरमधनं पित्त येतं, त्याचं लिव्हर सध्या दमलंय."

"पित्त म्हंजे?"

फाट्यावर औरादकडून येणाऱ्या गाडीचा आवाज आला. रेवणसिद्ध हात करत ओरडला, "ये ना गं!"

"पित्त म्हंजे," केवळाबाई तिच्याबरोबर चालायला लागली, "खाली जातं आन् परत वर येतं. दिवसातून धा-धा वेळा. टाकून देत न्हाई शरीर ते. पाणी किती उकळायचं ऐक, चांगल्या उकळ्या फुटल्या पायजेत, नुसतं कोमट न्हाई. आन् तू त्याच्या ताटातलं खाऊ नकोस. आन् तुला दिवस गेले असतील तर..."

"न्हाई वो!" मनिषा लाजली आणि पळत जाऊन गाडीत चढली.

"...गेले तर लगेच सांग डॉक्टरला!" केवळाबाई ओरडली. दार लागलं. गाडी वळणावर गेली. ती फाट्यावर उभी राहून सांगतच होती, हात साबणानं धुवायचे, आराम कमीत कमी महिनाभर, शेतात ऊन लागू द्यायचं नाही, आणि अंगाला खाज सुटली तर लातूर, सरळ लातूर.